सेकंडहँड ॲक्टिव्हा आणि आरसीवरचं नाव

पहिली गाडी बघायला गेले तेव्हा मी रंग बघितला, सीट दाबून बघितली, आरसे हलवून बघितले. मालकानं बटण दाबलं, गाडी लगेच चालू झाली आणि माझं मन तिथंच बसलं. बरोबर आलेल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी तोवर गाडीभोवती एक चक्करसुद्धा मारली नव्हती. त्यांनी फक्त वाकून हाताची मागची बाजू इंजिनला टेकवली आणि उचलली. "वहिनी, चला."

रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "गाडी गरम हाय. आपण यायच्या आधी फिरवून आणून ठेवलीया. थंडीला चालू व्हायला रडत असणार."

त्या दिवसापासून फोनवर माझं पहिलं वाक्य ठरलं: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. यावर दोन जणांनी "मग राहू दे" म्हणून फोन ठेवला. दोन फेऱ्या आणि पेट्रोल वाचलं.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत आहे. घर फुलेवाडीला, ऑफिस शाहूपुरीत. चौदा वर्षं वापरलेल्या माझ्या स्कूटीनं गेल्या वर्षी डिसेंबरात मान टाकली. बोअर-पिस्टनसकट इंजिनचं काम निघालं. शिवाय वर्षभरात तिची पंधरा वर्षं भरणार होती, म्हणजे आरसीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर. आमचे मिस्त्री उद्यमनगरात गॅरेज चालवतात. त्यांनीच सांगितलं, "हिच्यात पैसं घालू नका." नवी गाडी ऑन रोड लाखाच्या घरात जात होती आणि मुलीच्या प्रवेशाचं वर्ष होतं. हातात पस्तीस-चाळीस हजार. तेव्हा सेकंडहँडच.

माझं रोजचं काम म्हणजे कर्जाचे कागद आणि सह्या तपासणं. त्यामुळे मनात हिशोब असा होता की इंजिन मिस्त्री बघतील, कागद मी बघेन. ही वाटणी पुढं दोन ठिकाणी उलटीपालटी झाली.

मिस्त्रींच्या अटी थोड्या होत्या. पासिंग एमएच ०९ चंच हवं, सांगली-साताऱ्याची गाडी घेतली की एक कागद वाढतो. गाडी दिवसाउजेडी बघायची, कारण पिवळ्या बल्बखाली नवा मारलेला रंग आणि जुना रंग एकच दिसतो. आणि शक्यतो कार्बोरेटरवाली. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं, त्यात बिघाड झाला तर स्कॅनर लावावा लागतो. मिस्त्रींकडे स्कॅनर नाही. म्हणजे ही अट थोडी त्यांच्या सोयीचीही होती, पण माझं बजेट तसंही त्याच्या अलीकडचंच होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

दुसरी गाडी एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडची. दुकानात पंचवीस-तीस गाड्या ओळीनं उभ्या, सगळ्या टकाटक, टायरांनासुद्धा काळं पॉलिश. मीटरवर १८,२०० किलोमीटर. "लेडीज हँड आहे ताई, फक्त बाजारहाटाला वापरलेली." ही लेडीज हँडवाली बाई प्रत्येक दुकानात असते, आणि तिचा बाजार नेहमी घराशेजारीच असतो. इंजिन थंड होतं, किकवर चालू झालं, धूर नव्हता. मिस्त्री खाली वाकून बघत होते, मी उगीच काहीतरी करायचं म्हणून डिक्की उघडली. आत टॉर्च मारला तर कडेला ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले चिकटवतात तो छोटा स्टिकर. अर्धा खरवडलेला. उरलेल्या अर्ध्यावर बॉलपेननं लिहिलेलं: पुढील ऑइल ३१,५००.

मीटर १८,२०० आणि पुढचं ऑइल ३१,५०० ला. खात्याचं पासबुक आणि लेजर जुळत नाही तेव्हा मला जे होतं तेच झालं. मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी स्टिकर बघितला, मग पायाखालची रबरी मॅट, ब्रेकचं लिव्हर, किल्लीचं भोक असं एकेक दाखवलं. मॅटची नक्षी टाचांच्या जागी पार गेली होती. लिव्हरचं टोक बोटांनी झिजून चकचकीत झालेलं. अठरा हजारांत एवढं झिजत नाही. वायरच्या जुन्या मीटरला मागं फिरवायला काहीच लागत नाही म्हणे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मीटर बदललेलं असेल पहिल्या मालकानं." असेलही. आम्ही चहा घेऊन निघालो. परत येताना मिस्त्री हसत होते, "तुमी बी तयार झाला की."

एक गाडी तर बघायलाही जावं लागलं नाही. फोनवरच आरसीचा फोटो मागितला. त्यावर एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा बोजा दिसत होता. मालक म्हणाला, हप्ते कधीच संपलेत, एनओसी घरात कुठंतरी आहे. हप्ते संपले म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे जावं लागतं, आणि त्या पत्राला बहुधा मुदत असते. मी त्याला म्हटलं, आधी बोजा उतरवून घ्या, मग फोन करा. त्याचा फोन अजून आलेला नाही.

आरसीचा फोटो आधीच मागवण्याचा दुसरा फायदा म्हणजे चेसिस नंबर हातात येतो. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर गाडीच्या नंबरासोबत त्याचे शेवटचे चार आकडे लागतात. आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर नुसत्या गाडीच्या नंबरावर विमा, पीयूसी, बोजा, आरसीची मुदत आणि मालक कितवा हे सगळं दिसतं. घरबसल्या दहा मिनिटांचं काम. मी ते पहिल्या दोन गाड्यांच्या वेळी केलं नव्हतं, हे लिहायला लाज वाटते.

मग ती पांढरी गाडी. ही मला अजून आठवते, कारण ती मी जवळजवळ घेतलीच होती. रंग सुरेख, सगळे दिवे नवे, सीट नवी, इंजिन थंड असूनही अर्ध्या किकला चालू. एमपरिवहनवर मालक तिसरा दिसत होता, बाकी सगळं स्वच्छ. भाव तेहतीस हजार. मिस्त्री टेंबलाईच्या चढाला मला मागं बसवून घेऊन गेले, पिकअप उत्तम. परत आल्यावर मी पर्समधून टोकनचे पैसे काढायच्या बेतात होते.

"थांबा," म्हणाले आणि मालकाला विचारून पायाखालची मॅट काढली. खाली चार स्क्रू होते. त्यातला एक पान्यानं सैल केला, बोट घातलं आणि माझ्यापुढं धरलं. बोटाला करडी, पिठासारखी बारीक माती. मग पुढच्या पत्र्याच्या मागं, हॉर्नच्या कडेला, सीटच्या बिजागरीच्या आतल्या बाजूला. सगळीकडं तोच सुकलेला गाळ. वायरिंगचं एक सॉकेट ओढून उघडलं तर आतली तांब्याची टोकं हिरवी पडलेली.

"ही पंचगंगेत पोहून आलीया, वहिनी."

कोल्हापुरात पावसाळ्यात पोरंसोरंही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. किती गाड्या त्यात चार-चार दिवस हँडलपर्यंत बुडून राहिल्या हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. इंजिन उघडून धुतलं, ऑइल दोन-तीनदा बदललं, रंग मारला की गाडी चालते. वायरिंग मात्र आतून कुजत राहतं. आज सेल्फ लागत नाही, उद्या इंडिकेटर जातो, परवा भर रस्त्यात बंद. वैतागून मालक विकतो, पुढचाही वर्षभरात विकतो. मालक तिसरा का, याचं उत्तर ते होतं.

मालक मुलगाच होता, त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मला पण कुणी सांगितलं नाही." मला ते खरं वाटलं. पण गाडी मी घेतली नाही.

यानंतर मी महिनाभर गप्प बसले. केएमटीच्या बसनं जात होते, मुलगी नवऱ्याच्या मोटारसायकलवर. आणि मग ऑफिसमधल्या एका बाईनं सांगितलं की तिच्या लांबच्या काकींकडं, उचगावात, एक ॲक्टिव्हा पडून आहे. काका गेले, मुलगा पुण्यात, काकींना गाडी येत नाही.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. करडा रंग, उजव्या बाजूला पडल्याचा ओरखडा, सायलेन्सरला गंज. पॉलिशचा हात कुणी लावलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेच बघून मला बरं वाटलं. मिस्त्री यावेळी पहिल्यांदा गाडीशेजारी खाली बसले.

बॅटरी मेलेली, त्यामुळे सेल्फचा प्रश्नच नव्हता. किक हातानं अर्धी दाबून त्यांनी दाब बघितला. चांगला दाब असेल तर किक मधेच अडते, झिजलेल्या इंजिनला ती पाण्यात हात घातल्यासारखी खाली जाते. ही अडत होती. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. पडून राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो आणि तो थेट कार्बोरेटरमध्ये जातो. गंज नव्हता, पण पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास. ते काढून ताजं घातलं, चोक ओढला, अकरा-बारा किका मारल्या. मी मोजत होते. सुरुवातीला पांढरा धूर आला आणि दोन मिनिटांत थांबला. तो दमटपणाचा. निळसर धूर येत राहिला असता तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. सायलेन्सरच्या तोंडाशी त्यांनी माझा पांढरा रुमाल धरला (विचारलंसुद्धा नाही). काजळी कोरडी होती, तेलकट नव्हती.

मग मेन स्टँडवर घेऊन मला मागं दाबायला लावलं, पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल सावकाश डावीउजवीकडं फिरवलं. मधोमध हलकासा खटका लागत होता. "कोनसेट जायला आलाय, पण चालंल अजून." कोनसेट म्हणजे हँडलचं बेअरिंग. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागंपुढं हलवली तर कटक-कटक आवाज. या जुन्या ॲक्टिव्हांना पुढं मोटारसायकलीसारखे लांब शॉकअप नसतात, खाली लिंक असते आणि तिचे बुश झिजतात. काही शे रुपयांचं काम. पण ते माहीत नसलेला माणूस आवाज ऐकून घाबरतो, आणि माहीत असलेला त्यावर हजार रुपये कमी करून घेतो.

गाडी सरळ चालते का, हे बघायची त्यांची रीत सोपी आहे. मला गाडीवर बसवलं, सावकाश पुढं जायला सांगितलं आणि स्वतः मागून रस्त्यावर उकिडवे बसून बघत राहिले. दोन्ही चाकं एका रेषेत. म्हणजे चेसिस वाकलेली नाही. निघताना गाडी थरथरत होती, ते क्लचचं. बेल्ट उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण वीस-बावीस हजारांच्या आसपास तो बदलावाच लागतो असं धरून चाला, म्हणाले.

मीटर १९,८०० दाखवत होतं. एकदा पोळल्यामुळे मी विचारलंच, सर्व्हिसिंगचे काही कागद आहेत का? काकी आत गेल्या आणि एक छोटी डायरी घेऊन आल्या. काका एसटीत कंडक्टर होते. पेट्रोल कधी टाकलं, किती लिटर, तेव्हा मीटर किती, सगळं तारीखवार, तिकिटांच्या हिशोबासारखं. मी पतसंस्थेत वीस वर्षं आहे, इतकं स्वच्छ रजिस्टर आमच्याकडंही नाही. शेवटची नोंद १९,७४० ची होती. पुढचे साठ किलोमीटर मुलगा आला की गाडी फिरवून आणायचा त्याचे.

सगळं जुळत होतं आणि मिस्त्री मात्र कपाळाला आठ्या घालून हँडलकडे बघत होते. "पासिंग एप्रिल १७ चं म्हणता न्हवं? मग हेडलाइटला बटण कसं?"

मला प्रश्नच कळला नाही. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, त्याला चालू-बंदचं बटण नसतं. हिला होतं. म्हणजे एकतर हँडलवरचं स्विच बदललेलं, आणि ते बदललं असेल तर अपघात, नाहीतर कागदात काहीतरी गडबड. मी आरसी बघितली. उत्पादन फेब्रुवारी २०१७. मिस्त्रींनी टायर पुसला आणि त्यावरचे चार आकडे वाचले: ०५१७. सतरा सालचा पाचवा आठवडा. टायर मूळचेच होते (मागचा तर गुळगुळीत झाला होता), आणि गाडी फेब्रुवारीचीच.

उत्तर काकींनी दिलं. "अहो, ती त्या झुंबडीतली. न विचारता घेऊन आले होते." मग मला आठवलं. सर्वोच्च न्यायालयानं २९ मार्च २०१७ ला निकाल दिला होता की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. शोरूमवाल्यांकडं तर ढीग पडलेला. मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत हजारो रुपयांची सूट लावून गाड्या काढल्या, शोरूमपुढं रांगा लागल्या होत्या. काका ३१ मार्चला संध्याकाळी ड्यूटीवरून सुटले आणि गाडी घेऊनच घरी आले. डायरीतली पहिली नोंद त्याच तारखेची होती. पासिंग पुढं एप्रिलमध्ये झालं. मिस्त्रींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. बीएस-३ असल्यामुळे पीयूसी वर्षाची मिळत नाही, दर सहा महिन्यांनी काढावी लागते, तेवढाच तोटा.

चेसिस आणि इंजिन नंबर चिंधीनं पुसून आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघितले. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली की तो उमटतो, आरटीओच्या कामाला हा ठसा लागतो म्हणून तोही घेऊन ठेवला. मिस्त्रींनी खर्चाची यादी सांगितली: दोन टायर, बॅटरी, बुश, बेल्ट-रोलर, ब्रेक शू, ऑइल. सात हजारांच्या आसपास. मुलानं फोनवर चौतीस सांगितले होते, तीसला ठरलं. काकींशी घासाघीस मला जमली नसती, मुलाशी जमली.

इथं माझं काम सुरू झालं. आणि इथंच मी अडकले.

आरसीवर नाव काकांचं. काका जाऊन चौदा महिने झालेले. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याला फॉर्म ३१. त्यानंतर वारसाकडून माझ्या नावावर, त्याला २९ आणि ३०. म्हणजे दोन बदल्या, दोनदा शुल्क, दोनदा वाट बघणं. काकांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत हे व्हायला हवं होतं. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अशा वेळी गाडीची आठवण कुणाला येणार?

एका एजंटाला विचारलं. तो हसला. "एवढं कशाला ताई? २९-३० वर त्यांची सही मारा, थेट तुमच्या नावावर करून देतो. कोण बघतंय?" मी काही बोलायच्या आत काकी म्हणाल्या, "त्यांची सही मला येते. पोरांच्या प्रगतिपुस्तकावर मीच करायची, हे ड्यूटीवर असायचे तेव्हा."

खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी तो विचार केला. दोन महिने वाचत होते. पण वीस वर्षं मी ज्यांची कर्जं नाकारली त्यातली निम्मी प्रकरणं असल्याच सहीची होती. मेलेल्या माणसानं विकलेली गाडी. उद्या या गाडीला अपघात झाला, विमा कंपनीनं कागद काढले आणि विक्रीची तारीख मृत्यूच्या दाखल्यानंतरची निघाली तर? काकींना तसं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. एजंटाकडं परत गेले नाही.

गाडी तशीच वापरायला घ्या, नाव सावकाश करू, असं मुलगा म्हणत होता. त्यालाही मी नाही म्हटलं, आणि ते त्याच्याच भल्याचं होतं. नावावर असलेल्या माणसाची जबाबदारी नुसत्या व्यवहारानं सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका निकालात हेच म्हटलंय, गाडी विकली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो आणि भरपाई त्याच्यावर येते. कितीतरी लोक सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी विकून मोकळे होतात आणि वर्षांनंतर त्यांच्या दारात नोटीस येते. मी पाच हजार टोकन दिलं, त्याची चिठ्ठी केली आणि गाडी काकींच्याच अंगणात ठेवली.

मग एकेक अडथळा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना राज्यात नव्या सुरक्षित नंबरप्लेटची सक्ती झालेली, ती प्लेट नसेल तर नाव बदलण्याची कामंही अडतात. दुचाकीला करासकट ५३१ रुपये. नोंदणी करताना मोबाइलवर ओटीपी येणार. नंबर काकांचा. मी मनात म्हटलं, झालं, आता सिम कधीच बंद पडलं असणार.

काकींनी कपाटातून बटणांचा फोन काढला. चार्ज केलेला. "चालू ठेवलाय मी. रिचार्ज मारते दर महिन्याला." का, ते मी विचारलं नाही. ओटीपी आला. त्यांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला.

चलनं दोन होती, हेल्मेटची, पाचशे-पाचशेची. दोन्ही मुलामुळे, तो पुण्याहून सुट्टीला आला होता तेव्हाची. त्यानं लगेच भरली. विमा तो वडिलांच्या नावानं ऑनलाइन भरत आला होता, त्यामुळे निदान तो चालू होता. मृत्यूचा दाखला, इचलकरंजीच्या मुलीचं आणि पुण्याच्या मुलाचं ना हरकत प्रतिज्ञापत्र, पीयूसी, चेसिसचा ठसा, सगळं लावून फॉर्म ३१ दिला. आरसी काकींच्या नावानं आली तेव्हा काकींनी ती हातात घेऊन बराच वेळ बघितली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर गाडी आली होती. ती आम्ही महिन्याभरात पुन्हा बदलणार होतो.

दुसरी बदली सोपी गेली. २९ आणि ३० वर सह्या, उरलेले पैसे खात्यावर, आणि एक विक्रीची चिठ्ठी. त्यावर मी गाडी ताब्यात घेतल्याची तारीखच नाही तर वेळही लिहिली: सकाळी ११.४०. त्याआधीचं चलन त्यांचं, त्यानंतरचं माझं. कुणाला हा अतिरेक वाटेल, पण मी आमच्या ऑफिसात तारखेवरून झालेली भांडणं बघितली आहेत. विमा माझ्या नावावर करून घ्यायला चौदा दिवसांच्या आत कंपनीकडं अर्ज केला. विमा चालू होता तरी त्यातली नो क्लेम बोनसची (आधी दावा न केल्याची) सवलत मला मिळाली नाही. ती माणसाची असते, गाडीबरोबर येत नाही. त्यासाठी थोडा फरक भरावा लागला.

मिस्त्रींनी बेल्ट उघडला तेव्हा त्याला आडव्या चिरा पडलेल्या होत्या. अजून हजार-दोन हजार किलोमीटर ओढली असती आणि कुठंतरी शिरोली नाक्यावर तुटला असता. रोलर एका बाजूनं चपटे झालेले. गिअर ऑइल तर बहुधा कधीच बदललं नव्हतं. बॅटरी, टायर धरून बिल सात हजार दोनशे झालं. मिस्त्री मला मेणबत्तीसारखे गोल गुळगुळीत झालेले ब्रेक शू हातात देऊन म्हणाले, "ठेवा, आठवण." मी ते टाकून दिले.

आता सहा महिने गाडी चालवते आहे. ॲव्हरेज पंचेचाळीसच्या आसपास. ओरखडा तसाच ठेवलाय. डिक्कीत काकांची डायरी आहे. काकींनी ती गाडीबरोबरच दिली, म्हणाल्या, पुढं तूच लिही. मी दोन वेळा लिहिलं, मग विसरले.

परवा दुपारी काउंटरवर गर्दी असताना काकींचा फोन आला. "अगं, ह्यांच्या फोनवर शोरूमचा मेसेज आलाय. सर्व्हिसिंगची तारीख झाली म्हणतात. ऑइल बदललंस का?"

शोरूममध्ये नंबर बदलायला सांगायचं राहूनच गेलंय.